‘साटेलोटे’ हा शब्द कोणत्या नात्याला लावावा आणि कोणत्या नात्याला लावू नये

परभणीकडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते एका समुपदेशन केंद्रासाठी पतिपत्नींच्या नात्यावरची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणत आहेत. तिच्यात ‘ट्रान्झॅक्शनल रिलेशनशिप’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ‘मी तुझ्यासाठी इतके केले, आता तू माझ्यासाठी तितके कर’ असा हिशेब ज्या नात्यात अखंड चालू असतो, ते नाते त्यात अभिप्रेत आहे. त्यांनी यासाठी ‘साटेलोट्याचे नाते’ असे लिहिले. केंद्रातल्या वरिष्ठ बाईंनी ‘हा शब्द भ्रष्टाचाराच्या बातम्यांतला आहे’ असे म्हणून तो खोडला. घरी मात्र आजी तोच शब्द ऐकून म्हणाल्या, ‘त्यात काय वंगाळ हाय? माझं लगीन साट्यालोट्यातच झालंय.’ तेव्हा खरा अर्थ कोणता आणि पुस्तिकेत तो शब्द ठेवावा की नाही, असे त्यांचे विचारणे आहे.

मी भाषेचा अभ्यासक नाही. गेली तीस-एक वर्षे मराठवाड्यातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत दिवाणी आणि कौटुंबिक दाव्यांची वकिली करतो. पण हा शब्द मला जमिनीच्या दस्तांत, नांदण्या-नांदवण्याच्या भांडणांत आणि फसवणुकीच्या आरोपांत अशा तीन ठिकाणी भेटत आला आहे, आणि एकदा त्याच्या अर्थाच्या गोंधळाने माझ्या पक्षकाराचे नुकसान होता होता राहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारानेच हे लिहितो.

प्रश्न वरवर पाहता प्रतिशब्दाचा वाटतो, पण खरी अडचण निराळी आहे. देवघेवीवर उभ्या असलेल्या नात्यांसाठी मराठीत एकच शब्द नाही. डझनभर तरी आहेत. त्यांतल्या प्रत्येक शब्दात कोण देतो, काय देतो, परतफेड कधी व्हायची आणि तिची किंमत कोण सोसतो, हे आधीच ठरलेले असते. इंग्रजी शब्दात यातले काहीच ठरलेले नाही. म्हणून तिकडचा मोघम शब्द इकडच्या नेमक्या शब्दावर बसवला की काहीतरी सांडतेच.

आधी मूळ पाहू. ‘साटे’ म्हणजे सौदा, ठराव, एकाच्या बदल्यात दुसरे देणे. हा अर्थ आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. पण जमीन किंवा घर घेणारा प्रत्येक माणूस तो न ओळखता वापरतो. खरेदीखताच्या आधी जे साठेखत करतात, त्याचा धान्याच्या किंवा मालाच्या साठ्याशी काही संबंध नाही. ते मुळात साटेखत, म्हणजे सौद्याचा कागद. पक्षकारांना हे सांगितले की ते हसतात, आणि मग मी त्यांना 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 समजावून सांगतो, की विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, तो खरेदीखतानेच होतो. थोडक्यात, साटे म्हणजे शब्द दिला-घेतला इतकेच. गुजरातीत ‘साटे’ म्हणजे आजही ‘च्या बदल्यात’. संतवाङ्मयाच्या जुन्या पोथ्यांत आपल्या ‘साठी’च्या जागी ‘साटीं’ असे रूप दिसते. राजस्थानातला आटा-साटा आणि पंजाब-सिंधकडचा वट्टा-सट्टा हे लग्नाचे प्रकारही त्याच अर्थाचे, म्हणजे मुलीच्या बदल्यात मुलगी. आता राहिले ‘लोटे’. त्याचा पाण्याच्या लोट्याशी संबंध जोडणारे लोक मला भेटले आहेत, पण माझ्या समजुतीप्रमाणे ‘शेजारपाजार’मधल्या ‘पाजार’सारखा तो नुसता जोडीला आलेला आवाज आहे. त्यात अर्थ शोधण्यात फारसे हशील नाही.

तेव्हा आपल्या आजींचा अर्थ जुना आहे आणि तो पूर्णपणे बरोबर आहे. एका घरच्या भावाने दुसऱ्या घरची मुलगी करायची आणि आपली बहीण त्या मुलीच्या भावाला द्यायची, याला साटेलोटे म्हणतात. या लग्नात नाती विलक्षण रीतीने गुंततात. दोघी बायका एकमेकींच्या नणंदाही होतात आणि भावजयाही. दोघे पुरुष एकमेकांचे मेव्हणेही असतात आणि दाजीही. मुलांची आत्या तीच मामी असते आणि आत्याचा नवरा तोच मामा. कागदोपत्री नाते लिहिताना आमच्या कारकुनांची त्रेधा उडते. दोन वेळा तरी मी पूर्ण वंशावळ काढून न्यायाधीशांपुढे ठेवली आहे. हिंदू विवाह अधिनियम, 1955 मध्ये अशा लग्नाला मज्जाव नाही, कारण निषिद्ध नात्यांच्या यादीत ते बसत नाही.

लोक हे का करतात, याची कारणे मला पक्षकारांच्या तोंडून कळली. पहिले कारण खर्चाचे. दोन्ही लग्ने एका मांडवात लागतात, जेवणावळ एक, बँड एक, आणि हुंड्याचा विषयच निघत नाही, कारण जो मागेल त्याला तितकाच द्यावा लागेल. दुसरे कारण भरवशाचे. ‘त्यांची लेक आपल्या घरी हाय तवर आपल्या लेकीला त्रास व्हायचा नाही’ हे वाक्य मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकले असेन. या भरवशात गोम अशी की, जामीन म्हणून जे ठेवले आहे तेही एक माणूसच आहे. एका मांडवाच्या काटकसरीचीही एक वाईट बाजू आहे. मोठ्या जोडीचे वय बसते, पण धाकट्या मुलीचे बसत नाही, आणि तिच्यासाठी दुसरा मांडव कोण घालणार म्हणून तिलाही त्याच दिवशी उभी करतात. मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि 2006 च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाखाली जबाबदारी केवळ नवऱ्यावर नसून ते लग्न लावणाऱ्यांवरही येते, हे मी अशा वेळी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हा दाब अधिक असतो, कारण तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि कोयता झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते.

या शब्दाचे वजन मला एका दाव्यात कळले. दोन गावांतल्या दोन घरांत साटेलोटे झालेले होते. पहिल्या जोडीतला नवरा दारूच्या नादी लागला आणि त्याने बायकोला मारहाण करून माहेरी धाडले. आठ दिवसांच्या आत तिच्या भावाने आपल्या बायकोला, म्हणजे त्या दारुड्याच्या बहिणीला, तान्ह्या मुलासकट तिच्या बापाच्या दारात आणून सोडले. दोन्ही घरांच्या लेखी हिशेब बरोबर झाला होता. ही दुसरी मुलगी बापाबरोबर माझ्याकडे आली. बापाला जावयावर पोटगीचा दावा हवा होता. बाप पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘साहेब, माझं अन् मालकाचं काहीच भांडण नाही. भांडण तिकडचं हाय अन् मी इकडं बसलेय.’

मी बापाचा दावा घेतला नाही. मुलीच्या वतीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 9 खाली, नवऱ्याने तिला नांदवावे असा अर्ज केला. कायद्याला ही दोन स्वतंत्र लग्ने दिसतात, एकाच्या मोडण्याने दुसरे मोडत नाही, आणि ‘तुमची परत आली म्हणून आमची परत पाठवली’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही, हे दोन्ही घरांना सांगायला मला तीन तारखा लागल्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 118 मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे: दोन व्यक्ती एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी एकमेकांना देतात, ती अदलाबदल. त्या व्याख्येत बहीण बसत नाही, कारण बहीण ही भावाच्या मालकीची नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी हे साटे मुळातच करार नव्हते. गावाच्या लेखी मात्र ते कोणत्याही नोंदणीकृत दस्तापेक्षा पक्के होते. शेवटी ती मुलगी नांदायला गेली. पहिल्या जोडीची फारकत झाली. बापाने माझी फी अर्धीच दिली, आणि त्याबद्दल मी त्याला कधी बोललो नाही.

आता वर्तमानपत्रातला अर्थ घेऊ. ‘अधिकारी आणि ठेकेदार यांचे साटेलोटे’ हे वाक्य आपण रोज वाचतो, आणि आपल्या केंद्रातल्या बाईंच्या मनात तेच होते. पुष्कळांना वाटते की हे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि लग्नाच्या चांगल्या शब्दाला पत्रकारांनी उगाच काळे फासले. मला तसे वाटत नाही. दोन्ही ठिकाणी रचना तीच आहे. दोन पक्ष एकमेकांना काहीतरी देतात आणि दोघेही खूश असतात; पण जे दिले जाते ते देणाऱ्याचे स्वतःचे नसते, आणि ज्याचे असते त्याला कोणी विचारलेले नसते. लग्नात तो तिसरा माणूस म्हणजे मुलगी असते; ठेक्यात तो म्हणजे रस्त्याचा किंवा तलावाचा पैसा ज्याचा आहे तो करदाता आणि गावकरी. अधिकारी सरकारी काम देतो आणि ठेकेदार त्याचा वाटा पोचवतो, पण यांतले काहीही त्या दोघांच्या घरचे नसते. शब्दाने लग्नाच्या मांडवातून कंत्राटाच्या निविदेत उडी घेतली ती या साम्यामुळे, असे माझे मत आहे.

हे मत तपासायचे असेल तर ज्यांना लोक साटेलोटे म्हणत नाहीत, अशी नाती पाहावीत. पेरणीच्या दिवसांत माझ्याकडे एक बैल आहे आणि तुमच्याकडे एक आहे, म्हणून आपण दोघांचे मिळून एक औत करतो आणि आळीपाळीने दोघांची राने पेरतो. याला सावड म्हणतात, आमच्या भागातल्या काही गावांत वारंगुळा म्हणतात. ही काटेकोर देवघेव आहे, दिवसाला दिवस मोजला जातो. पण त्याला साटेलोटे म्हटलेले मी कधी ऐकले नाही, कारण बैल ज्याचा त्याचा आहे आणि घामही ज्याचा त्याचा आहे. शेतजमिनीचेही तेच. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा वर्षानुवर्षांचा घोळ मिटवण्यासाठी राज्य शासनाने 2023 मध्ये सलोखा योजना आणली. ताबा किमान 12 वर्षांचा असेल तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदलीचा दस्त करण्याची सोय तिने दिली. तो करायला आलेले शेतकरीही ‘अदलाबदल’ किंवा ‘फेरपालट’ म्हणतात.

आहेराकडे पाहिले तर आणखी एक छटा दिसते. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात. कोणी टोपी-टॉवेल दिला, कोणी साडी दिली, कोणी पाचशे एक रुपये दिले. पुढे त्यांच्या घरच्या लग्नात तितकाच, किंवा थोडा वाढवून, फेडतात. बाहेरच्या माणसाला हे अगदी हिशेबी वाटेल. पण ही वही जाळली तर नाते मोकळे होत नाही, उलट तुटते, कारण फेडायचे बाकी असणे हाच त्या नात्याचा धागा असतो. ‘त्यांचा आमचा व्यवहार हाय’ असे खेड्यात म्हणतात तेव्हा त्यात पैशाचा भाग थोडा आणि एकमेकांच्या दारात जाण्यायेण्याचा भाग मोठा असतो. रोटीबेटी व्यवहार या जोडशब्दातला व्यवहारही हाच. असा व्यवहार जातपंचायतीच्या हुकुमाने तोडायला लावणे हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे, यावरून त्याचे मोल लक्षात यावे. म्हणून ‘ट्रान्झॅक्शनल’साठी ‘व्यवहाराचे नाते’ हा जो प्रतिशब्द पटकन सुचतो, तो शहरी वाचकाला चालेल, पण जिंतूर किंवा सेलूच्या वाचकाला तो कौतुकाचा वाटण्याची शक्यता आहे.

मुकादम आणि तोडणी कामगार यांच्यातली उचल हे तिसरे टोक. तिथे घेणारा आधी घेतो आणि सहा महिने फेडत राहतो. दोन्ही बाजू समान नसतात. त्याला कर्ज म्हणावे, बांधिलकी म्हणावी, फार तर वेठ म्हणावी. साट्यालोट्याला बरोबरीचे दोन पक्ष लागतात.

इथवर जे सांगितले त्यातून तीन गोष्टी हाती लागतात: साट्यालोट्यात दोन्ही पक्ष बरोबरीचे असतात, दोघेही देतात आणि दोघेही घेतात, आणि दिलेल्या गोष्टीचा भार तिसऱ्यावर पडतो. आपल्या पुस्तिकेतल्या नवराबायकोंच्या नात्यात पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही. ‘मी स्वयंपाक केला, तू भांडी घास, मी तुझ्या आईला दवाखान्यात नेले, तू माझ्या भावाला पैसे दे’ असा हिशेब मांडणारी दोन माणसे स्वतःचेच देत असतात आणि स्वतःचेच घेत असतात. म्हणून बाईंनी शब्द खोडला ते बरोबर केले, कारण मात्र अपुरे सांगितले.

माझ्या पक्षकाराचे काय होता होता राहिले, तेही इथे सांगतो. जमिनीच्या एका दाव्यात आमचा साक्षीदार उलटतपासणीत म्हणाला, ‘प्रतिवादीच्या अन् आमच्या घरात साटंलोटं हाय.’ त्याला सांगायचे होते की दोन्ही घरांत अदलाबदलीने सोयरीक झालेली आहे, त्यामुळे खोटे बोलण्याचे कारण नाही. अपिलाच्या वेळी जबान्यांचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा एका अनुवादकाने त्याचे ‘कोल्युजन’ करून टाकले. म्हणजे आमच्याच साक्षीदाराने प्रतिवादीशी संगनमत असल्याची कबुली दिली, असा कागद तयार झाला. ती चूक वेळेत नजरेस आली आणि दुरुस्तीचा अर्ज करून आम्ही ती काढून घेतली. ज्या व्यवस्थेत घटस्फोटाच्या अर्जातसुद्धा दोन्ही पक्षांचे संगनमत नाही ना, याची खात्री न्यायालयाला हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे करून घ्यावी लागते, तिथे हा शब्द असा निसटणे परवडत नाही. तेव्हापासून कागदात मी गैरव्यवहारासाठी ‘संगनमत’ लिहितो आणि सोयरिकीसाठी ‘अदलाबदलीचा विवाह, स्थानिक भाषेत साटेलोटे’ असे पूर्ण लिहितो.

आपल्या पुस्तिकेसाठी कोणता शब्द घ्यावा, हे वाचक कोण यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून सांगता येणार नाही. पुस्तिका मुख्यतः शहरातल्या नोकरदार जोडप्यांसाठी असेल तर ‘देवघेवीवर चालणारे नाते’ किंवा ‘हिशेबी नाते’ पुरेसे आहे; मला स्वतःला ‘हिशेबी’ अधिक आवडतो, कारण त्यात दोष देणे आहे पण गुन्ह्याचा वास नाही. खेड्यातल्या बायकांना वाचून दाखवण्यासाठी असेल तर ‘मोजूनमापून केलेले’ असे क्रियेच्या अंगाने सांगावे: ‘नवरा-बायको एकमेकांसाठी जे करतात ते मोजू लागले, की…’. एकाच बाजूने फायदा उपटणाऱ्या नात्यासाठी ‘मतलबाचे’ किंवा ‘कामापुरते’ आहे. ‘कामापुरता मामा अन् ताकापुरती आजी’ ही म्हण तिथे ऐकणाऱ्याला लगेच पटते. पण हिशेबी आणि मतलबी यांत गल्लत करू नये. हिशेबी माणूस फेडतो, मतलबी माणूस फेडत नाही, आणि समुपदेशकाला हा फरक पहिल्याच बैठकीत कळायला हवा.

एक व्याकरणाची बाब राहिली. आपण ‘साटेलोट्याचे’ लिहिले आहे. विभक्ती लागताना दोन्ही भाग बदलतात, जसे ‘येण्याजाण्याचा’, ‘देण्याघेण्याचा’. म्हणून ‘साट्यालोट्याचे’, ‘साट्यालोट्यात’ असे लिहावे. आपल्या आजींनी ते बरोबर म्हटले आहे. बातम्यांत ‘साटेलोट्याचे’ सर्रास दिसते आणि ते इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणून कोणी अडवणार नाही, पण माझ्या मसुद्यात मी ते दुरुस्त करतो. शब्द नपुंसकलिंगी आहे आणि एकवचनातच वापरावा: साटेलोटे आहे, साटेलोटे झाले.

पुस्तिकेत जोडप्यांच्या अनुभवांचे एक प्रकरण आहे, असे आपण लिहिले आहे. त्यात एखादी बाई ‘आमचं साटंलोटं हाय’ असे म्हणाली असेल, तर ते वाक्य बदलू नये. त्याखाली दोन ओळींत अदलाबदलीच्या लग्नाचा अर्थ द्यावा, आणि समुपदेशकाने त्या बाईला पुढे विचारावे, की दुसऱ्या घरात दिलेली तुमची नणंद सध्या कुठे नांदते आहे. तिच्या उत्तरावरून या बाईच्या घरातला अर्धा ताण कुठून येतो आहे, ते उमगेल.